वाग्नर यांची अपुरी संगीतिका आणि मातंगकन्या प्रकृती

आधुनिक पाश्चात्त्य संगीतावर बुद्धविचाराचा प्रभाव हा विषय निघाला की मौन, ध्यान आणि गूढ अनुभूती याच गोष्टी पुढे येतात. अमेरिकन रचनाकार जॉन केज यांनी झेन विचारवंत डी. टी. सुझुकी यांची व्याख्याने ऐकली आणि १९५२ साली एकही सूर न वाजवण्याची ४ मिनिटे ३३ सेकंदांची रचना सादर करवली, हे उदाहरण अनेकांना ठाऊक असते. परंतु बौद्ध साहित्यातील एक कथा थेट जातीच्या प्रश्नावर बोट ठेवणारी असूनही युरोपच्या रंगभूमीपर्यंत पोहोचली, याची माहिती आपल्याकडे फारशी नाही. म्हणून आम्ही तिचा प्रवास येथे थोडक्यात देत आहोत.

मूळ कथा

ही कथा संस्कृत बौद्ध ग्रंथ 'दिव्यावदान' यातील 'शार्दूलकर्णावदान' या भागात येते. श्रावस्तीत भिक्खू आनंद तहानेने व्याकूळ होऊन विहिरीवर पाणी भरणाऱ्या एका मुलीकडे पाणी मागतात. तिचे नाव प्रकृती. आपण मातंगाची मुलगी आहोत, असे ती सांगते. त्यावर आनंद म्हणतात की, मी तुझे कूळ किंवा जात विचारलेली नाही, पाणी मागितले आहे. प्रकृतीचे मन त्यांच्यावर जडते. तिची आई मंत्रतंत्राने आनंदांना घरी ओढून आणू पाहते, पण तथागत त्यांना सोडवतात. पुढे प्रकृती स्वतः तथागतांकडे येते आणि भिक्खुणी होते.

कथा येथे संपत नाही. मातंगाच्या मुलीला संघात घेतले म्हणून श्रावस्तीतील ब्राह्मण आणि प्रतिष्ठित लोक बिथरतात. राजा प्रसेनजितापर्यंत बोभाटा होतो. तेव्हा तथागत त्रिशंकू नावाच्या मातंग राजाची हकिकत सांगतात. त्रिशंकू आपला मुलगा शार्दूलकर्ण याच्यासाठी पुष्करसारी या ब्राह्मणाच्या मुलीला मागणी घालतो. ब्राह्मण संतापतो. मग त्रिशंकू जातिभेदाची एकेक बाजू खोडून काढतो. ब्राह्मण काही आकाशातून पडत नाही, तोही इतरांसारखाच आईच्या उदरातून जन्मतो, हा त्याचा मुख्य युक्तिवाद. अखेर ब्राह्मण निरुत्तर होतो आणि विवाह होतो. ती ब्राह्मणकन्या म्हणजे पूर्वजन्मीची प्रकृती आणि शार्दूलकर्ण म्हणजे आनंद, असे कथा सांगते.

वाग्नर यांचा आराखडा

फ्रेंच पंडित यूजीन बर्नूफ यांनी १८४४ साली भारतीय बौद्ध धम्माच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर (१८१३–१८८३) यांना त्यात ही कथा सापडली. १६ मे १८५६ रोजी, झुरिक येथे राहत असताना, त्यांनी 'विजेते' अशा अर्थाचे नाव देऊन संगीतिकेचा छोटा आराखडा लिहिला. पुढे वीसहून अधिक वर्षे हा विषय त्यांच्या मनात घोळत राहिला, पण ती संगीतिका कधीच पूर्ण झाली नाही. सर्व तृष्णांपासून मुक्त झालेला बुद्ध नाट्यात कसा उभा करायचा, ही अडचण त्यांनी १८५८ साली नोंदवून ठेवली होती. यातील काही कल्पना त्यांच्या १८८२ च्या 'पार्सिफाल' या शेवटच्या संगीतिकेत उतरल्या.

येथे एक बदल नीट लक्षात घेतला पाहिजे. वाग्नर यांच्या आराखड्यात पूर्वजन्मीची ब्राह्मणकन्या गर्वाने चांडाल राजपुत्राला झिडकारते आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून चांडालाच्या घरी जन्म घेते. मूळ कथेत पूर्वजन्म प्रकृतीच्या प्रेमाचे कारण सांगतो. वाग्नर यांच्याकडे तो तिच्या जातीचे कारण सांगतो. जात कशी खोटी आहे हे पटवणारा त्रिशंकूचा वाद गळून पडतो आणि खालच्या जातीतील जन्म म्हणजे पापाची शिक्षा, हा जुनाच समज उरतो. याच वाग्नर यांनी १८५० साली टोपणनावाने ज्यू संगीतकारांविरुद्ध द्वेषपूर्ण लेख लिहिला आणि १८६९ साली तो स्वतःच्या नावाने पुन्हा छापला, हेही विसरता येत नाही.

जोनाथन हार्वे यांची संगीतिका

ब्रिटिश रचनाकार जोनाथन हार्वे (१९३९–२०१२) यांच्या संगीतावर बौद्ध साधनेचा खोल ठसा आहे. त्यांची 'वाग्नर ड्रीम' ही संगीतिका २००७ साली लक्झेंबर्ग येथे प्रथम सादर झाली. संहिता ज्याँ-क्लोद कारिएर यांची. व्हेनिसमध्ये वाग्नर मृत्यूच्या दारात असताना त्यांना आपली न लिहिलेली संगीतिका दिसते, अशी तिची कल्पना आहे. वाग्नर आणि त्यांच्या घरचे लोक बोलतात, तर प्रकृती, आनंद आणि बुद्ध गातात. वाद्यवृंदाला इलेक्ट्रॉनिक ध्वनींची जोड आहे. २०१३ साली वेल्श नॅशनल ऑपेराने ती सादर केली, तेव्हा वाग्नर यांचे प्रसंग जर्मनमध्ये आणि प्रकृतीची कथा पाली भाषेत होती. कथेचा मूळ ग्रंथ संस्कृत असला तरी युरोपच्या रंगमंचावर पाली गायली गेली, ही मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडील प्रकृती

भारतात कुमारन आशान यांनी १९२२ साली मल्याळममध्ये 'चंडालभिक्षुकी' हे काव्य लिहिले. रवींद्रनाथ टागोरांचे 'चंडालिका' नाटक १९३३ साली आले आणि १९३८ साली त्यांनी त्याची नृत्यनाटिका केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्त्रियांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात महाप्रजापती गौतमीनंतर प्रकृतीला स्थान दिले. तेथे पूर्वजन्माचा आधार घेतलेला नाही. गतजन्मीच्या कर्माने माणसाची आजची स्थिती ठरते, हे मत बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात नाकारले आहे. तसे मानले तर गोरगरिबांच्या हालांची जबाबदारी समाजाला झटकता येते, हे त्यांचे म्हणणे होते.

संगीतातून धम्म जगभर पोहोचतो, याचा आम्हाला आनंदच आहे. शांतता आणि ध्यान ही धम्माचीच अंगे आहेत. पण प्रकृतीची कथा विहिरीपाशी सुरू होते. पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. कोणत्याही भाषेत आणि कोणत्याही सुरात ही कथा गायली गेली, तरी आनंदांनी मागितलेले ते पाणी तिच्यातून वगळता येणार नाही.