नवा घोडा, नवखा मालक : अंगावर येणाऱ्या जनावराला वळण कसे लावावे?

मार्गशीर्षातील दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत भरतो तो घोडेबाजार. पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेले आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडणारे हे गाव एरवी शांत असते. यात्रेच्या दिवसांत मात्र मारवाडी, काठियावाडी, पंजाबी अशा नाना जातींच्या घोड्यांनी नदीकाठ गजबजून जातो. पाचोरा, भडगाव, अमळनेर, चाळीसगाव या भागांतील हौशी मंडळीही या बाजाराकडे डोळे लावून असतात. शेती बऱ्यापैकी पिकली, मुलाने हट्ट धरला किंवा वडिलांच्या काळातील घोड्याची आठवण दाटून आली, की व्यवहार ठरतो आणि घोडा टेम्पोत चढून दारी येतो.

पहिले आठ-दहा दिवस कौतुकाचे असतात. हळदकुंकू लागते, आयाळ विंचरली जाते, आळीतील मुले गूळ घेऊन जमतात. मग हळूहळू चित्र पालटते. चंदीची बादली दिसताच घोडा मालकाला खांद्याने ढकलतो. पाण्याला नेताना माणूस घोड्याला नेतो की घोडा माणसाला, हे कळेनासे होते. पुढे तो बाहीला दात लावतो, खरारा करताना अंग टाकतो, एके दिवशी कान मागे पाडून पार्श्वभाग वळवतो. घरात कुजबूज सुरू होते, ‘घोडा खोडील निघाला.’ एकतर चाबूक हाती येतो, नाहीतर मिळेल त्या किमतीला जनावर पुन्हा बाजारात उभे राहते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे.

घोडा बदलला की ओळख पटली?

बाजारात शांत दिसलेला घोडा घरी येऊन दांडगाई का करतो? याची कारणे अनेक असू शकतात. प्रवासाने थकलेला, कळपापासून तुटलेला, अनोळखी जागेत आलेला घोडा काही दिवस बुजून गप्प राहतो. जागा ओळखीची झाली की त्याचा मूळ स्वभाव आणि जुन्या सवयी वर येतात. विक्रीपूर्वी गुंगीचे औषध देऊन जनावर शांत भासवण्याचे प्रकारही जगभरच्या घोडेबाजारांत होत आले आहेत. मात्र सर्वांत मोठे कारण बहुधा मालकाच्या अंगणातच असते. घोडा रोज शिकत असतो आणि आपण रोज, नकळत, त्याला शिकवत असतो.

घोडा नाकाने ढकलतो आणि आपण एक पाऊल मागे सरतो. आपल्या लेखी ही क्षुल्लक गोष्ट असते. घोड्याच्या लेखी तो धडा असतो : ढकलले की माणूस सरकतो. तो बाहीला तोंड लावतो आणि आपण हसून गुळाचा खडा देतो. दुसरा धडा : ओढले की गूळ मिळतो. असे शंभर धडे झाल्यावर आपण त्याला उद्धट म्हणतो. खरे तर घोड्याला आदर आणि अनादर यांची माणसासारखी कल्पना नसते. कोणत्या कृतीने त्रास थांबतो आणि कोणत्या कृतीने सुख मिळते, एवढेच तो अचूक हेरतो. ‘त्याला मालक कोण ते दाखवून द्या’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. २००७ साली स्थापन झालेल्या अश्वारोहणशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही घोड्यावर वर्चस्व गाजवण्याच्या कल्पनेऐवजी शिकण्याच्या नियमांवर आधारलेल्या प्रशिक्षणाचा पुरस्कार केला आहे.

आधी दुखणे, मग खोड

वळण लावण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे दाढांची झीज असमान होते आणि त्यांना धारदार कडा येतात. अशा तोंडात लगाम घातला की घोडा मान झटकतो, तोंड उघडतो, वेळप्रसंगी उभा राहतो. तंगाखालची जखम, पाठीला रुतणारे खोगीर, वाढलेले खूर, चुकीची नालबंदी, अधू डोळा यांपैकी काहीही ‘खोडी’चे रूप घेऊ शकते. घोडीच्या बाबतीत माजाच्या दिवसांतील चिडचिड ध्यानात घ्यावी.

घोड्याच्या जठरात आम्ल अखंड स्रवत असते. निसर्गात तो दिवसाचा बराच काळ चरत असल्याने त्याचा त्रास होत नाही. परंतु दोन वेळा भरपूर चंदी आणि मधे रिकामे पोट अशा रिवाजात जठराला व्रण पडू शकतात. असा घोडा तंग कसताना चावा घेतो, त्यात त्याचा ‘उद्धटपणा’ नसतो.

एक इशारा गंभीरपणे घ्यावा. शांत घोडा अचानक आक्रमक झाला, लाळ गाळू लागला, त्याला गिळता येईनासे झाले किंवा चाल लडखडू लागली, तर घशात काही अडकले असावे असे समजून तोंडात हात घालू नये. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने घोड्यालाही रेबीज होतो. अशा वेळी त्याच्यापासून दूर राहून तातडीने पशुवैद्यकाला बोलवावे. धनुर्वाताचा धोका घोड्याला फार असतो, म्हणून त्याचे आणि मालकाचे लसीकरण वेळेवर झालेले असावे.

चंदी जास्त, काम कमी

खानदेशात घोडा म्हटला की हरभऱ्याची चंदी आलीच. राबणाऱ्या घोड्याला ती हवीही असते. पण दिवसभर दावणीला बांधलेल्या घोड्याला कामकरी घोड्याचा खुराक दिला, तर ती ताकद जाणार कुठे? आपल्याकडील घोडा साधारण ३५० ते ४५० किलो वजनाचा असतो. वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे रोज पाच ते नऊ किलो कोरडा चारा हा त्याच्या आहाराचा पाया असावा आणि तो दिवसभरात विभागून द्यावा. चंदी कामाच्या मानाने वाढवावी किंवा कमी करावी. हा बदल एकदम न करता आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा, अन्यथा पोटशूळ उद्भवतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. ज्वारीचा वाळलेला कडबा आपल्या भागात सहज मिळतो. मात्र कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला घालू नये, तिच्यातील विषारी घटकांनी अपाय होतो. पाणी आणि मीठ नेहमी हाताशी असावे. जळगाव जिल्ह्यातील वैशाखात पाण्याची गरज कितीतरी वाढते. व्यायाम त्या दिवसांत पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच द्यावा.

घोडा हा कळपात राहणारा आणि चालणारा प्राणी आहे. त्याला रोज किमान काही तास मोकळे फिरता यावे आणि दुसरे जनावर नजरेस पडावे. अगाडी-पिछाडी लावून दिवसच्या दिवस जखडलेल्या घोड्याकडून सौजन्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

जमिनीवरचे धडे

स्वार होण्याची घाई करू नये. जो घोडा दोरीवर ऐकत नाही तो लगामावरही ऐकणार नाही. पायांत बंद बूट आणि डोक्याला हेल्मेट असावे. घोड्याला नीट बसणारी म्होरकी घालावी आणि तिला तीन-साडेतीन मीटर लांबीची मऊ दोरी लावावी. दोरीचे वेढे हाताला कधीही गुंडाळू नयेत, कारण घोडा उधळला तर बोटे आणि मनगट त्यात सापडते. दोरी घडी करून मुठीत धरावी.

घोड्याला जवळपास सर्व बाजूंचे दिसते. कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग मात्र त्याच्या दृष्टीआड असतो. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असे आपल्याकडे म्हणतात. त्यातला घोड्यापुरता भाग तंतोतंत खरा आहे. म्हणून जवळ जाताना आवाज देत, खांद्याच्या दिशेने जावे.

सर्व धड्यांचे सूत्र एकच आहे : हलका दाब द्यावा, तो स्थिर ठेवावा आणि घोड्याने योग्य दिशेला किंचितही प्रतिसाद दिला की त्याच क्षणी दाब सोडावा. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. सोडायला दोन-तीन सेकंद उशीर झाला, तर त्याला वेगळाच अर्थ लागतो.

पहिला धडा मागे सरकण्याचा. घोड्याच्या खांद्याशी उभे राहून दोरीने छातीच्या दिशेने हलका दाब द्यावा. त्याने वजन मागे घेतले तरी दोरी सैल करावी. आधी एक पाऊल, मग दोन, मग चार. दुसरा धडा थांबण्याचा. आपण थांबलो की त्याने थांबावे. पुढे गेला तर त्याला शांतपणे दोन पावले मागे घ्यावे आणि पुन्हा चालावे. तिसरा धडा बाजूला होण्याचा. पोटाच्या मागच्या भागावर बोटांनी दाब देऊन मागचे पाय पलीकडे टाकायला शिकवावे. ज्या घोड्याचा मागचा भाग आपल्या सांगण्यावरून हलतो, तो लाथ मारण्याच्या पवित्र्यात सहसा येत नाही. चौथा धडा अंतराचा. हात लांब केल्यावर जेवढे वर्तुळ होते ती आपली जागा. निमंत्रणाशिवाय त्याने तीत यायचे नाही आणि आला तर आपण मागे न सरता त्यालाच मागे पाठवायचे.

हे धडे दोन्ही बाजूंनी द्यावेत. एका बाजूने शिकलेले घोड्याला दुसऱ्या बाजूने आपोआप येत नाही. एका वेळी दहा ते पंधरा मिनिटे पुरेत. धडा नेहमी जमलेल्या गोष्टीवर संपवावा. घरातील प्रत्येकाने एकच नियम पाळावा. वडिलांनी मागे सरकवायचे आणि मुलांनी हातातून गूळ भरवायचा, असे झाले तर घोडा गोंधळतो. खाऊ द्यायचाच असेल तर गव्हाणीत किंवा बादलीत टाकावा.

चंदीच्या वेळी दांडगाई सर्वांत जास्त होते, म्हणून तिथेच नियम पक्का करावा. बादली घेऊन गव्हाणीबाहेर थांबावे. घोडा मागे सरून मान वळवेपर्यंत बादली आत जाणार नाही. पहिले काही दिवस तो अधिक जोराने ढकलेल, पाय आपटेल. जुना उपाय चालेना की तो आधी जोराने करून पाहणे हा प्राण्याचा स्वभावच आहे. नेमके याच टप्प्यावर अनेक मालक कंटाळून बादली खाली ठेवतात आणि घोडा शिकतो की जास्त जोर लावला की काम होते.

मागचे पाय आणि पुढचे पाय

कान मागे पडणे, शेपटी फटकारणे, नाकपुड्या आक्रसणे आणि मागचा पाय उचलून धरणे ही दुगाणीपूर्वीची भाषा होय. ती वाचता आली तर बहुतेक अपघात टळतात. खरारा करताना घोड्याच्या अंगाला खेटून, एक हात त्याच्यावर ठेवून उभे राहावे. जायचे असेल तर अगदी जवळून जावे किंवा चांगलेच दूरून जावे. मधले अंतर सर्वांत घातक असते.

आपल्या भागात एक विशेष गोष्ट आढळते. लग्नाच्या वरातीसाठी तयार केलेल्या घोड्यांना ताशाच्या ठेक्यावर नाचायला आणि पुढचे पाय उचलायला शिकवलेले असते. असा घोडा नवख्या मालकाच्या हाती आला आणि तोंडाला झटका बसला, तर तो उभा राहतो. मालकाला तो बंड वाटते. प्रत्यक्षात घोड्याने शिकवलेली आज्ञा पाळलेली असू शकते. म्हणून खरेदीच्या वेळी ‘याला काय काय शिकवले आहे आणि कोणत्या खुणेवर?’ हे आवर्जून विचारावे. वळू घोडा मात्र नवख्याने ठेवूच नये. घरी असल्यास त्याला खच्ची करण्याविषयी पशुवैद्यकाशी बोलावे.

चाबूक हा उपाय नव्हे

घोडा चावला म्हणून दहा मिनिटांनी त्याला मारले, तर त्याचा चाव्याशी संबंध त्याला लागत नाही. तो फक्त माणसाला भ्यायला शिकतो. भ्यालेला ४०० किलोंचा प्राणी उद्धट प्राण्यापेक्षा अधिक धोकादायक असतो. चारा-पाणी तोडणे, तोंड बांधून ठेवणे हे प्रकार तर क्रौर्यच होत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने असे छळ गुन्हा ठरवले आहेत, तर १९६५ च्या नियमांनी ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी काटेरी लगामाला मनाई केली आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याशी वागू नये, हा त्यातील सल्ला आजही जुना झालेला नाही.

कधी थांबावे आणि कधी निवडावे

घोडा दातांनी किंवा पुढच्या पायांनी माणसावर चालून येत असेल, दोनदा उलथून पडण्याइतका उभा राहिला असेल किंवा मालकालाच त्याची भीती बसली असेल, तर स्वतः प्रयोग करू नयेत. अनुभवी चाबूकस्वाराची मदत घ्यावी, मात्र त्याची पद्धत आधी स्वतः पाहावी. तोपर्यंत लहान मुलांना घोड्यापासून दूर ठेवावे. शेवटी विकण्याची वेळ आलीच, तर खोड लपवून विकू नये. ती लपवली तर पुढचा अपघात दुसऱ्याच्या अंगणात होतो.

ज्यांनी अजून घोडा घेतलेला नाही, त्यांच्यासाठी हे सारे अधिक मोलाचे आहे. बाजारात देवमण, भोवरे, पंचकल्याण यांची चर्चा रंगते. ती परंपरा आपल्या जागी असो. परंतु केसांचे भोवरे घोड्याचे वळण सांगत नाहीत. त्याला दोरीवर चालवून पाहावे, चारही खूर उचलून पाहावेत, चंदी समोर असताना तो कसा वागतो ते न्याहाळावे. दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जाऊन तेच करावे. दातांवरून वय तपासून घ्यावे. साधारण पाच वर्षांच्या सुमारास घोड्याच्या पुढच्या दुधाच्या दातांची जागा कायमच्या दातांनी घेतलेली असते. पहिल्यांदाच घोडा घेणाऱ्याने दोन-तीन वर्षांच्या देखण्या शिंगरापेक्षा आठ-दहा वर्षांचा, कामाला मुरलेला, साधा दिसणारा घोडा निवडावा. नवखा मालक आणि नवखा घोडा यांत कोणीतरी एक शहाणा असायलाच हवा.

वळण लागायला किती दिवस लागतील, याचे एकच उत्तर नाही. किरकोळ धसमुसळेपणा काही आठवड्यांत ओसरतो. जुनी खोड महिनोन्महिने चिवटपणे टिकते. फरक पडतो आहे की नाही हे ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे. सकाळी बादली घेऊन आपण तबेल्याच्या दारात उभे राहतो आणि घोडा, कोणी न सांगता, एक पाऊल मागे सरतो. त्या दिवशी पहिला धडा पुरा झाला असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच द्यावा.