शनिवारवाडा : अवशेष व इतिहासदर्शन

शनिवारवाडा : पुणे येथील पेशव्यांच्या प्रमुख निवासस्थानाचे अवशेष. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी याची पायाभरणी केली व २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवारचे होते. मूळ बांधकामास रु. १६,११० खर्च आल्याचे सांगतात. पुढील पेशव्यांनी मजले, दिवाणखाने, हौद व कारंजी यांची भर घातली.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. वरील इमारती प्रामुख्याने लाकडी असल्याने त्या भस्मसात झाल्या. तटबंदी, बुरूज, पाच दरवाजे, नगारखाना, जोती व सोळा पाकळ्यांच्या कमळाकृती हजारी कारंजाचा हौद एवढेच उरले. रोमन पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या राखेखाली गाडले गेले. त्या राखेने भिंतींवरील चित्रेही जतन केली. येथे मात्र आगीने नेमका चित्रांकित भागच नेला. त्यामुळे जोत्यावर उभे राहिलेल्या प्रेक्षकास दालनांची लांबी-रुंदी कळते, उंची व शोभा कळत नाही. ही उणीव दप्तरांतील नोंदी व चित्रे काही अंशी भरून काढतात. सवाई माधवरावाच्या दरबाराचे टॉमस डॅन्यलने १८०५ मध्ये पूर्ण केलेले तैलचित्र जेम्स वेल्स याच्या रेखाटनांवर आधारलेले असून, दरबारी पोशाख व बैठकीची रीत यांच्या अभ्यासास ते मोलाचे आहे.

अवशेष मुके असल्याने त्यांना वाचा देण्याचे प्रयत्न सर्वत्र होतात. रोममध्ये नगरस्थापनेच्या पारंपरिक दिवशी, २१ एप्रिलला, रोमन सैनिकांच्या वेशातील मिरवणुका निघतात. शनिवारवाड्यात प्रकाश व ध्वनी यांच्या साहाय्याने इतिहास कथन करण्याचा उपक्रम झाला. अशा दर्शनात प्रेक्षकांचे कुतूहल साहजिकच ३० ऑगस्ट १७७३ च्या नारायणराव पेशव्याच्या वधाकडे वळते. गारद्यांनी केलेला वध व रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावास दिलेला दोष या गोष्टी इतिहासास मान्य आहेत. ‘ध’ चा ‘मा’ केल्याची कथा मात्र आख्यायिकेच्या कोटीतील होय. अंधारात ऐकू येणारा आवाज हा भेद सांगत बसत नाही, आणि एकदा कानी पडलेली किंकाळी पुढे कोणत्याही कागदाने पुसता येत नाही. शिवाय ज्या वाड्यातून अर्ध्या हिंदुस्थानचा पत्रव्यवहार चालला, तो लोकांच्या स्मरणात केवळ एका खुनाची जागा म्हणून उरतो, हे अन्यायाचे आहे.

याउलट स्थिती पुण्याच्या ईशान्येस नगर रस्त्यावरील वाघोली येथे आढळते. बाजीरावाचा ज्येष्ठ सहकारी पिलाजी जाधवराव (मृत्यू १७५१) याची समाधी तेथे आहे. माळवा व बुंदेलखंडातील मोहिमांत वावरलेल्या या सरदाराच्या स्मारकापाशी कसलेही नाट्य नाही. वाघेश्वर मंदिरात दर्शनास येणाऱ्यांपैकी थोडेच त्याच्याविषयी विचारणा करतात.