मुलाच्या बाजूने कोण बोललं?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावी डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन नावाचे डॉक्टर होते. ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी चौदा वर्षांच्या पर्सीची हकिकत छापली. मुलगा तल्लख, खेळात बरोबरीच्यांना हार न जाणारा. वर्षानुवर्षं शिकवण्या झाल्या, तरी छापील शब्द त्याला लागत नव्हता. स्वतःच्या नावातली अक्षरंसुद्धा तो मागेपुढे लिही. आकडे मात्र बिनचूक वाची, गणितं सोडवी. मेंदूला इजा झालेल्या प्रौढांचं वाचन जातं, हे जर्मनीत कुसमाउल यांनी १८७७ मध्ये नोंदवलं होतं. ‘डिस्लेक्सिया’ हे नाव बर्लिन यांनी १८८७ मध्ये दिलं. पण कसलीही इजा नसलेल्या मुलात ही अडचण जन्मतःच असू शकते, हे मॉर्गन यांनी मांडलं.

त्या छोट्या लेखात मला सर्वांत मोलाची वाटते ती पर्सीच्या मास्तरांची साक्ष. शिक्षण सगळं तोंडी असतं, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं ते डॉक्टरांना म्हणाले. कसली चाचणी नाही, कायदा नाही. तरीही एक शिक्षक सांगतो आहे की खोट मुलाच्या बुद्धीत नाही, आमच्या शिकवण्याच्या पद्धतीत ती बुद्धी मावत नाही. अध्ययन अक्षमतेच्या इतिहासात डॉक्टरांची नावं ठळक असतात. मुलाच्या बाजूने उभं राहणाऱ्यांची परंपरा मात्र मी या मास्तरांपासून मोजते.

मास्तरांनंतर उठले पालक. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी ध्वनी, अक्षर आणि हाताची हालचाल यांची सांगड घालून वाचन शिकवण्याची पद्धत बसवली होती, पण ती मोजक्या मुलांपर्यंतच पोचत होती. ६ एप्रिल १९६३ रोजी शिकागोत पालकांनी परिषद भरवली. आपल्या मुलांवर मारले गेलेले नाना शिक्के त्यांना नको होते. तिथे सॅम्युअल कर्क यांनी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ ही संज्ञा मांडली, आणि पालकांनी ती उचलून त्याच नावाची देशव्यापी संघटना उभी केली. पुढे १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना सरकारी शाळेत योग्य शिक्षणाचा हक्क दिला, त्यात ही मुलंही आली. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लेखी आराखडा, आणि तो ठरवताना पालकांचा सहभाग. आईबाप शाळेच्या टेबलाशी बसले ते या कायद्यामुळे.

पण त्या टेबलाशी मूल कुठे होतं? हा प्रश्न कृतीतून विचारला तो स्वतः त्यातून गेलेल्या तरुणांनी. १९९८ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन विद्यापीठातले काही विद्यार्थी जवळच्या प्राथमिक शाळेत जाऊ लागले. विद्यार्थी आणि मुलं, दोघांनाही अध्ययन अक्षमता किंवा लक्ष टिकवण्याची अडचण होती. त्या तरुणांतला जोनाथन मूनी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत वाचू शकत नव्हता. हा उपक्रम पुढे ‘आय टु आय’ या नावाने देशभर पसरला. डेव्हिड फ्लिंक त्याचे एक संस्थापक. दादा-ताईंनी शिकवणी घेतली नाही. त्यांनी रंग, कात्री, पुठ्ठा मांडला. हात चालू असताना बोलणं आपोआप सुरू होतं: तुला काय सोपं जातं, कशाची भीती वाटते, बाईंकडे नेमकं काय मागशील? जास्त वेळ, ध्वनिमुद्रित पुस्तक, शांत खोली. मुलाने आपली गरज आपल्या तोंडाने सांगावी, हाच त्या कलेच्या तासाचा उद्देश. सल्ला देणारे मोठे या मुलांना खूप भेटतात. ‘मलाही यायचं नाही’ म्हणणारं मोठं माणूस क्वचितच भेटतं.

महाराष्ट्रात ही वाट दवाखान्यातून गेली. नव्वदच्या दशकात मुंबईत पालक, विशेष शिक्षक आणि बालरोगतज्ज्ञ एकत्र आले, महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली, आणि राज्य सरकारने दहावीच्या परीक्षेत या मुलांना सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. देशात इतक्या लवकर एवढं देणारी राज्यं फार नव्हती, हे आपण अभिमानाने सांगायला हवं. पण सवलतीसाठी प्रमाणपत्र हवं, आणि ते ठरावीक सार्वजनिक रुग्णालयांकडूनच. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर रुग्णालय इथल्या केंद्रांत दहावीच्या मुलांना घेऊन आईबाप येत राहिले. मूल पहिलीपासून चाचपडत असतं, धाव मात्र बोर्डाची परीक्षा दारात आल्यावर. ‘ढ’, ‘आळशी’, ‘लक्षच देत नाही’ ऐकण्यात मधली नऊ वर्षं गेलेली असतात, आणि ती कुठलाही जादा वेळ भरून देत नाही.

त्यात मराठी शाळेतलं मूल आणखी मागे राहिलं. चाचण्या प्रामुख्याने इंग्रजीतल्या. देवनागरीच्या अडचणी वेगळ्या असतात: ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची नंतर, रफार ज्या अक्षराआधी बोलायचा त्याच्याच डोक्यावर चढवायचा, ऱ्हस्व-दीर्घ कानाला सारखेच. हे तपासायला त्या भाषेतली चाचणी लागते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेला ‘डाली’ हा संच २०१५ मध्ये आला. त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींच्या हाती असं साधन पोचणं, हे मला दहा नव्या क्लिनिकांपेक्षा मोठं काम वाटतं.

घराघरांत हा विषय पोचवला तो मात्र सिनेमाने. अमोल गुप्ते यांनी लिहिलेला ‘तारे जमीन पर’ डिसेंबर २००७ मध्ये आला. त्यातला चित्रकलेचा शिक्षक ईशान या डिस्लेक्सिया असलेल्या मुलापर्यंत पोचतो, कारण लहानपणी तो स्वतः त्याच अडचणीतून गेलेला आहे. आपल्याकडे हा धागा पडद्यावरच राहिला. कायदा पुढे सरकला: १९९५ च्या अपंग कायद्यात ही मुलं नव्हतीच, २०१६ च्या कायद्याने अक्षमतांची संख्या ७ वरून २१ केली, तेव्हा विशिष्ट अध्ययन अक्षमता तिथे आली.

सवलत घेऊन दहावी झालेली आपली पहिली मुलं आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. कुणी दुकान चालवतं, कुणी इंजिनिअर आहे, कुणी स्वयंपाकघर सांभाळतं. लेखनिकाला उत्तर सांगताना विचार कसा तुटतो, वर्गात सर्वांदेखत सवलतीचा अर्ज वाचला गेला की काय होतं, सातवीचं गणित घेतल्यावर अकरावीला कुठली दारं बंद होतात, हे त्यांना माहीत आहे. यातलं काहीच प्रमाणपत्रावर छापलेलं नसतं. आठवड्यातून एक तास अशा एका माणसाला पाचवीच्या वर्गात बसवायला शासननिर्णय लागत नाही. मुख्याध्यापकांनी बोलावणं धाडलं तरी पुरे.