इटलीच्या बचावफळीतले परदेशी

इटालियन फुटबॉलमध्ये परदेशी बचावपटू ही बराच काळ चैनीची बाब होती. परदेशी खेळाडूंच्या जागा नियमाने मोजक्याच असत आणि त्या गोल करणाऱ्यांसाठी राखून ठेवण्याकडे क्लबच्या मालकांचा कल असे. प्रेक्षक तिकीट काढतो तो गोल पाहायला. शिवाय गोल अडवणारे तर आपल्याकडे घरचेच मुबलक आहेत, अशी इटालियनांची पक्की समजूत होती. ती अगदीच निराधार नव्हती.

1926 मध्ये व्हियारेज्जो येथे झालेल्या सनदेने खेळाडूंना पैसे देण्याची आडवाट अधिकृत केली आणि त्याच वेळी परदेशी खेळाडूंना दार बंद केले. पळवाट मात्र उरली: ज्यांचे आईबाप किंवा आजोबा इटलीतून दक्षिण अमेरिकेत गेले होते, त्यांना इटालियन मानले जाई. लुईस मोंती या वाटेने 1931 मध्ये युव्हेंटसमध्ये आला. मधल्या फळीच्या केंद्रस्थानी खेळून प्रतिस्पर्ध्याचा हल्ला मोडून काढणे हे त्याचे काम. युव्हेंटसने त्याच्यासह लागोपाठ चार विजेतेपदे मिळवली. 1930 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो अर्जेंटिनाकडून खेळताना हरला आणि 1934 च्या अंतिम सामन्यात इटलीकडून खेळताना जिंकला.

दुसऱ्या महायुद्धानंतर दार पुन्हा उघडले, पण पसंती बदलली नाही. 1949 मध्ये मिलानने गाजवले ते ग्रेन, नॉर्डाल आणि लीडहोल्म हे स्वीडिश त्रिकूट, तिघेही आघाडीचे. 1957 मध्ये युव्हेंटसने घेतलेला वेल्सचा जॉन चार्ल्स लीड्समध्ये मध्यवर्ती बचावपटू म्हणूनही नावाजलेला होता. इटलीत त्याला पुढे उभे केले गेले आणि पहिल्याच हंगामात त्याने 28 गोल केले. बचाव येत असलेल्या माणसाचीही किंमत गोलांनीच ठरत होती.

या पार्श्वभूमीवर कार्ल-हाइन्झ श्नेलिंगरची कारकीर्द वेगळी उठून दिसते. 1939 मध्ये जर्मनीतील ड्युरेन येथे जन्मलेला हा डाव्या बाजूचा बचावपटू वयाच्या विशीपूर्वीच 1958 चा विश्वचषक खेळला. 1962 मध्ये कोलोन संघासह तो जर्मन विजेता ठरला आणि त्याच वर्षी देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवडला गेला. त्या वेळी पश्चिम जर्मनीत खेळाडूंच्या कमाईला वरची मर्यादा होती: करारबद्ध खेळाडूला महिन्याला जास्तीत जास्त 400 मार्क. 1963 मध्ये बुंडेसलिगा सुरू झाली तेव्हा ती 1,200 मार्कांपर्यंत वाढली, तरी इटालियन लिऱ्यांपुढे ती रक्कम किरकोळच होती. जर्मन खेळाडूंपैकी शिमानियाक 1961 मध्ये कातानियाला, हालर 1962 मध्ये बोलोन्याला गेला होता. मात्र हे दोघे मधल्या आणि आघाडीच्या फळीतले. बचावासाठी जर्मनीतून माणूस आणणे ही इटलीत तेव्हा नवलाची गोष्ट होती.

रोमाने 1963 मध्ये श्नेलिंगरला घेतले, पण पहिला हंगाम तो मांतोव्हासारख्या लहान संघात खेळला. पुढच्या हंगामात रोमात आला, तर क्लबच दिवाळखोरीच्या काठावर. परगावच्या सामन्याचा प्रवासखर्च निघावा म्हणून सिस्तीना नाट्यगृहात पाठीराख्यांकडून वर्गणी गोळा करण्याची वेळ रोमावर आली होती. अशा क्लबला महागडा परदेशी बचावपटू कसा परवडणार? 1965 मध्ये तो मिलानला विकला गेला आणि तिथे नऊ हंगाम टिकला.

मिलानचा प्रशिक्षक नेरेओ रोक्को हा बचावावर संघ उभारणारा. प्रत्येक बचावपटूने एकेका आघाडीवीराला सावलीसारखे चिकटायचे आणि त्यांच्या मागे एकाने मोकळे राहून निसटलेला चेंडू साफ करायचा, अशी ही रचना. श्नेलिंगर उजव्या, डाव्या, मधल्या अशा कोणत्याही जागी खेळे आणि उत्तरार्धात मागच्या मोकळ्या जागेवरही आला. कुठल्याही रस्त्यावर न कुरकुरता चालणारा म्हणून इटालियनांनी त्याला 'फोल्क्सवागन' असे नाव दिले. 1968 मध्ये मिलानने इटालियन विजेतेपद आणि कपविजेत्यांचा युरोपीय चषक, दोन्ही पटकावले. रॉटरडॅममधल्या त्या अंतिम सामन्यात समोर हांबुर्ग हा जर्मन संघ होता. 28 मे 1969 रोजी माद्रिदच्या बर्नाबेउ मैदानावर मिलानने आयाक्सला 4-1 ने हरवून युरोपीय चषक जिंकला. त्या दिवशी मिलानच्या बचावफळीत श्नेलिंगर एकटाच परदेशी होता.

दरम्यान दार पुन्हा बंद झाले होते. 1966 च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने इटलीला 1-0 ने बाद केले आणि खापर परदेशी खेळाडूंवर फुटले. नवे परदेशी घेण्यास बंदी आली. आधीपासून असलेल्यांना राहू दिले. खरे तर कोरियाकडून हरलेल्या संघात सगळे इटालियनच होते, पण अशा वेळी हिशेब कोण तपासतो! बंदीमुळे श्नेलिंगरचे मोल उलट वाढले.

राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडण्याची सक्ती तेव्हा क्लबांवर नव्हती. श्नेलिंगर चार विश्वचषक खेळला, तरी 1958 ते 1971 या काळात त्याचे आंतरराष्ट्रीय सामने भरले फक्त 47. त्यांतला एकमेव गोल 17 जून 1970 रोजी मेक्सिको सिटीच्या अॅझ्टेका मैदानावर झाला. विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर इटली. बोनिन्सेन्याच्या गोलमुळे इटली आठव्या मिनिटापासून पुढे होती. सामना संपता संपता डावीकडून ग्राबोव्स्कीचा चेंडू आला आणि मागची जागा सोडून पुढे गेलेल्या श्नेलिंगरने तो जाळ्यात लोटला. इटलीत पोटापाण्याला लागलेल्या माणसानेच इटलीची वाट अडवावी, याचे नवल जर्मन दूरचित्रवाणीच्या समालोचकालाही लपवता आले नाही. वाढीव वेळेत आणखी पाच गोल झाले आणि इटलीने 4-3 अशी बाजी मारली. निर्णायक गोल जान्नी रिव्हेराचा, म्हणजे श्नेलिंगरच्या मिलानमधल्या सहकाऱ्याचाच.

1974 मध्ये तो बर्लिनच्या टेनिस बोरुसियात गेला, तिथे एक हंगाम काढून निवृत्त झाला आणि मिलानजवळच स्थायिक झाला. 2024 च्या मे महिन्यात त्याचे निधन झाले.

इटलीने बंदी उठवली 1980 मध्ये, तीही प्रत्येक क्लबला एक परदेशी एवढीच. बहुतेकांनी फाल्काव, ब्रेडी, प्रोहास्का अशा चेंडू खेळवणाऱ्यांना पसंती दिली. नापोलीने मात्र रूड क्रोल या डच बचावपटूला आणले आणि त्याच हंगामात तिसरा क्रमांक गाठला. टोरिनोनेही व्हान डे कॉर्पुट हा डच बचावपटूच निवडला. 1982 मध्ये दोन परदेशींची मुभा मिळाली आणि फिओरेंटिनाने अर्जेंटिनाचा कर्णधार डॅनियल पासारेला घेतला. 1985-86 च्या हंगामात त्याने 11 गोल केले. म्हणजे बचावपटू घेऊनही मालकाला गोल मिळालेच. 1988 मध्ये इंटरमध्ये आलेल्या जर्मन बचावपटू आंद्रेआस ब्रेमेने पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळवले.

15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानच्या खटल्यात निकाल दिला आणि युरोपीय संघातील देशांच्या नागरिकांवरची संख्येची मर्यादा रद्द ठरली. मोजक्या जागा गोल करणाऱ्यांसाठी राखून ठेवण्याचे कारणच त्यामुळे बरेचसे संपले. 22 मे 2010 रोजी इंटरने चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना बर्नाबेउवरच जिंकला, तेव्हा त्यांच्या बचावफळीत ब्राझीलचे मायकॉन आणि लुसिओ, अर्जेंटिनाचा सॅम्युएल आणि रुमानियाचा किवू होते. सुरुवातीच्या अकरा जणांत एकही इटालियन नव्हता.