कडी फिरवली की उजेड कमी-जास्त: चुंबकीय टॉर्च कशी चालते?

मीरा-भाईंदरमधील उत्तनसारख्या मासेमारी गावात टॉर्चचा शत्रू म्हणजे खारे पाणी. ते बटणाच्या फटीतून आत शिरते. चुंबकीय कडीच्या टॉर्चला बटणासाठी छिद्रच लागत नाही. बाहेरच्या कडीत छोटे चुंबक आणि आत हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. कडी फिरली की सेन्सरचे व्होल्टेज बदलते आणि त्यानुसार मायक्रोकंट्रोलर एलईडीचा उजेड कमी-जास्त करतो. बॉडी मात्र अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची हवी. लोखंड चुंबकीय क्षेत्र स्वतःकडे वळवते.

खर्च वाचवायचा तर रीड स्विच चालतो. एका स्विचने फक्त चालू-बंद होते. कडीभोवती तीन-चार लावले तर उजेडाच्या तेवढ्या पायऱ्या मिळतात. रीड स्विच स्वतः वीज खात नाही, हॉल सेन्सर खातो. म्हणून टॉर्च बंद असताना सेन्सरला अधूनमधून क्षणभरच जागे करतात.