सासूबाईंची छापील आवृत्ती

लग्नात पुस्तकाचा आहेर करणाऱ्या माणसाकडे आमच्या वऱ्हाडात जरा संशयानंच पाहतात. एक तर तो कंजूष असावा, नाहीतर मास्तर असावा. आमच्या शेजारच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यामुळे पोरीचं लग्न ठरल्याबरोबर त्या भांड्यांच्या दुकानात जाण्याऐवजी आमच्या घरी आल्या.

"भाऊ, तुमी लिहिता-वाचता. पोरीले संसारात उपयोगी पडंल असं एखादं पुस्तक सांगा. पण आमच्या ख्रिस्ती घरातलं पायजे."

बाई अकोल्याच्या, मुलगा अमरावतीचा. मधलं अंतर शंभरेक किलोमीटर. एवढ्याशा प्रवासाला पुस्तक कशाला लागतं, असं माझ्या मनात आलं; पण बोललो नाही. बाईंचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. पोर एकटीनं वाढवलेली. अशा माणसाशी थट्टा बेतानं करावी. शिवाय मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. संसार म्हणजे एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे आणि महिनाअखेरीला न जुळणारा ताळा, एवढंच माझं त्या विषयातलं ज्ञान. पण कॉलनीत मला लेखक म्हणतात. लेखकाला 'ठाऊक नाही' असं म्हणायची सोय नसते. दोन रविवार मी वाचनालयात काढले.

पहिली सापडली ती फुलमणी. १८५२ साली कलकत्त्याच्या हॅना मलेन्स नावाच्या मडमेनं बंगालीत फुलमणी आणि करुणा या दोघींची गोष्ट लिहिली. पुढे ती मराठीसकट इथल्या कितीतरी भाषांत गेली. फुलमणीचं घर झाडलेलं, मुलं वळणातली. करुणेच्या घरात पसारा आणि वादावादी. मडम दोन्ही घरी जाते, पाहते आणि बोध करते. हे सगळं मी उत्साहानं आमच्या सौभाग्यवतीला सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "आणि फुलमणीचा नवरा रविवारी सकाळी घरात काय काम करतो?" मी विषय बदलला.

मग बाबा पदमनजी. जन्म बेळगावचा, बाप्तिस्मा १८५४ चा. त्यांचं 'यमुनापर्यटन' १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. यमुना आणि तिचा नवरा फिरायला निघतात आणि जातील तिथे विधवांचे हाल पाहतात. इथवर ठीक. पण पुढे नवराच वारतो, यमुना ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. पुस्तक मोठ्या तळमळीचं, पण बोहल्यावरून उतरलेल्या पोरीच्या हातात द्यायचं कसं?

"ठेवा बाजूले," बाई म्हणाल्या.

तिसरं नाव ऐकून मात्र त्या सावरून बसल्या. पंडिता रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीति', १८८२ सालचं. गृहकृत्यांपासून मुलांच्या संगोपनापर्यंत सगळा उपदेश त्यात आहे. उपदेश करणाऱ्या बाईंचं वय तेव्हा चोवीस. त्यांचा स्वतःचा संसार दोन वर्षंही पुरा झाला नव्हता. त्याच साली फेब्रुवारीत यजमान गेले, पदरात जेमतेम वर्षाची मनोरमा. आपला संसार मोडला, त्याच वर्षी त्यांनी लोकांना संसाराचं पुस्तक लिहून दिलं. मात्र बँकेत छाननीची सवय लागलेली असल्यामुळे तारीख माझ्या नजरेतून सुटली नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा सप्टेंबर १८८३ चा, इंग्लंडातला. पुस्तक त्याच्या आधीचं.

"म्हणजे बाई, हा व्यवहार मुदतीआधीचा. तुमच्या खात्यात घेता येत नाही."

बाई हसल्या. त्या हसल्या म्हणून मला चेव आला. मी म्हणालो, "पण बाई, तुमच्या लोकांना संसाराला इतकी पुस्तकं लागतात कशाला? आमच्याकडे ही सोय सासूबाईंमार्फत होते. आवृत्ती एकच, पण रोज नवं प्रकाशन!"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. बाई मात्र या वेळी हसल्या नाहीत.

"भाऊ, माह्या पणजीले सासू नव्हती. माय बी नव्हती. छप्पनच्या दुष्काळात सगळे गेले. मिशनवाल्यांनी उचलून आणली तवा तिले सवताचं गाव सांगता येत नव्हतं. लग्न झालं तं नवराही अनाथालयातलाच. दोघांच्या मागं कोणी नाही. लेकराले गोवर आला तं विचारावं कोणाले? नाताळाले करंज्या कराव्या का नाही, हे बी विचाराव लागे. मडमेले विचारलं तं ते केक सांगे."

मी गप्प झालो. अकोल्यात मी इतकी वर्षं नोकरी केली. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांचे आकडे मी कुठेतरी वाचलेही होते. अकोल्याला अलायन्स मिशनच्या मिसेस फुलर राहत. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या दुःखावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०० सालीच निघालं, त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. हेही मी कालच टिपून ठेवलं होतं. पण त्या दुष्काळातून वाचलेल्या पोरी पुढे मोठ्या झाल्या, त्यांनी चुली मांडल्या आणि त्या चुलीपाशी सांगणारं कोणी नव्हतं, हा हिशेब माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. जो धर्म बदलतो त्याचं गोत तुटतं. दुष्काळात वाचतो त्याचं तर गोतच राहत नाही. मग आई, सासू, आत्या, मावशी या सगळ्यांचं काम पुस्तकावर येऊन पडतं. मी ज्याला बोधाची पोपटपंची समजत होतो, ती कुणाची तरी सासू होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच एक पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ साली निघालेला पहिला भाग, पणजीनं घेतलेला. पानांवर हळदीचे डाग, कडा तेलकट. पुस्तक स्वयंपाकघरात वाचलं गेलं, हे कुणालाही कळलं असतं.

लक्ष्मीबाईंना मी ओळखत होतो. माहेरी मीठसुद्धा धुऊन घेण्याइतकं सोवळं. नवरा कवी, हातात पैसा न टिकणारा. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार उभा चिरला. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग लक्ष्मीबाई त्यांच्याकडे गेल्या, पण आपलं सोवळं सांभाळून. ते हळूहळू सुटलं आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. उपदेश कुठेच नाही. उलट फजिती झाली की ती स्वतःचीच सांगायची, आणि तीही हसत.

"हिच्यात संसार कसा कराव हे नाही, भाऊ," बाई म्हणाल्या. "मोडला तं कसा जुळवाव, हे हाये. पणजी म्हणे, ही माही मोठी बहीण."

"मग हेच द्या ना पोरीला!"

"तेच तं. देववत नाही."

माझी शिफारस मागायला बाई आल्या होत्या, त्याचं कारण मला तेव्हा कळलं. हे पुस्तक घरातून जाऊ नये, म्हणून त्या दुसरं शोधत होत्या.

लग्न अमरावतीला झालं. लग्नात बँकेच्या माणसाला एकच काम मिळतं, आहेराची वही लिहिण्याचं. मी टेबल घेऊन बसलो. भिंतीवरचं घड्याळ, सरबताचे ग्लास, स्टीलचे डबे, पाकिटं. शेवटी बाई आल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. गाठ सुटली होती; हळदीचा डाग दिसत होता.

मी लिहिलं : 'आईकडून. जुनं पुस्तक, नग एक.' पुढचा रकाना रकमेचा होता.

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी रकाना कोरा सोडलेला नाही. तो सोडला. बाजूला बसलेल्या सौभाग्यवतीनं वहीत डोकावून पाहिलं आणि नेहमीप्रमाणे चूक काढली नाही.