सोमवारचं मौन, बुधवारची सभा

आमच्या घरात आठवडा दोन तऱ्हांनी मोजला जाई. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, आठवड्याची खूण होती सोमवार. गांधीजींचं त्या दिवशी मौन असे, आणि गावाकडून आलेल्या पाहुण्याला सोमवारी सेवाग्रामला नेणं म्हणजे टांग्याचं भाडं पाण्यात. वडिलांच्या आठवड्याची खूण होती बुधवार. ते गावातल्या एका सेवा-क्लबाचे सभासद होते. संध्याकाळी इस्त्रीचा बुशशर्ट, त्यावर पिन, आणि आईचा ठरलेला प्रश्न, ‘‘आज बोलणार कोण?’’ आई हे विचारायची ते स्वयंपाकाच्या हिशेबाने. वक्ता चांगला असला तर घरी यायला उशीर व्हायचा.

आबा वर्ध्यातल्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. कापसाच्या हंगामात मान वर करायला सवड नाही, पण उन्हाळ्यात काम कमी. मग ते पाहुणे पाहायला जात. नाटक-सिनेमा पाहावा तसा ‘पाहुणे पाहणं’ हा त्या काळी वर्ध्यातला एक छंदच होता. मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ आला, १९३६च्या एप्रिलअखेर गांधीजी सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले, आणि त्यानंतर गावाला वक्ता बोलवावा लागला नाही. तो आपणच रेल्वेतून उतरायचा. जमनालाल बजाजांच्या बजाजवाडीत आज कोण उतरलंय हे आबांना टांगेवाल्यांकडून कळे. १९४२च्या जुलैत काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याला इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला, तोही टांगेवाल्यांना आधीच माहीत होता असं आबा छातीठोक सांगत. आबांच्या गोष्टींत टांगेवाल्यांना सगळंच आधी माहीत असे, हे वाचकाने ध्यानात ठेवावं.

त्यांचा लाडका पाहुणा मात्र अमेरिकेचा होता. लुई फिशर हा पत्रकार १९४२च्या जूनमध्ये आठवडाभर सेवाग्रामला राहिला. नवतपा नुकताच सरलेला, अजून पावसाचा थेंब नाही. अशा उन्हात या माणसाने पत्र्याच्या टबात पाणी भरलं, त्यात लाकडी खोकं ठेवून त्यावर बसला, टबाबाहेर दुसरं खोकं मांडून त्यावर टंकलेखन यंत्र ठेवलं आणि गांधीजींशी झालेली बोलणी टाइप करत राहिला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे, म्हणून मी मानतो. नाहीतर आबांच्या तोंडून ऐकताना मला ते टांगेवाल्यांच्या खात्यातलंच वाटलं होतं. ‘‘थो टबात बसून लिवे, अन् आपले पोट्टे पंख्याखाली बसून पेंगून राह्यले,’’ हे वाक्य मी परीक्षेच्या दिवसांत किती वेळा ऐकलं असेल!

त्यांच्या पाहुण्यांच्या यादीत लॉर्ड लोथियन होते. इंग्लंडचे बडे गृहस्थ, १९३८च्या जानेवारीत येऊन सेगावात राहिले. पण आबांना त्यांच्या लॉर्डपणाचं काही वाटत नसे. त्यांना सांगायचं असे ते गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्याबद्दल. कारण महादेवभाई कित्येक महिने मगनवाडीहून सेगावला पायी जात आणि पायीच परत येत, मे महिन्यातसुद्धा. जाऊन-येऊन दहा-अकरा मैल. आश्रमात आलेल्या माणसाला मानपत्र मिळत नसे. भाजी चिरणं, झाडणं, सूत कातणं चालू असे, त्यात त्यानेही बसायचं. आबा म्हणत, तिथे बोलणाऱ्याला हार नव्हता, काम होतं.

याच मुद्द्यावर घरात वाद पेटे.

क्लबाची सभा वेगळ्याच थाटाची. अध्यक्ष घंटा वाजवणार, मग मागच्या सभेचा अहवाल, मग वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, मग सार्जंट नावाचा एक खट्याळ सभासद उठून पिन विसरलेल्यांकडून दंड वसूल करणार. मग पाहुण्यांचा परिचय, जो कधी कधी भाषणाहून लांब. मग भाषण, आभार, शाल, श्रीफळ, राष्ट्रगीत, जेवण. पाटोडीचा रस्सा असला की हजेरी भरघोस. हजेरीला फार मान होता. इथली सभा चुकली तर सभासद नागपूरला कामाला गेले असताना तिथल्या क्लबात हजेरी लावून भरपाई करत. अशा क्लबांची सुरुवात रोटरीपासूनची. शिकागोच्या पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने १९०५ साली तीन मित्र जमवून रोटरीची पहिली बैठक घेतली. तेव्हा ही मंडळी पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बसत. पुढे लायन्स आले, जेसीज आले. आठवड्याला भेटायचं, कुणाला तरी ऐकायचं आणि काही तरी काम करायचं, हा साचा थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच.

आबांना हा सगळा साहेबी खेळ वाटे. वडिलांनी एकदा त्यांना गप्प केलं. गांधीजींचे संकलित ग्रंथ काढून त्यांनी दाखवलं की १९२५च्या ऑगस्टमध्ये गांधीजी कलकत्त्याच्या रोटरी क्लबात बोलले होते, तेही चरख्यावर. त्या क्लबात तेव्हा युरोपियन व्यापाऱ्यांचाच भरणा. आबांनी पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘‘मंग त्याइनं चरखा घेतला का?’’ वडिलांकडे उत्तर नव्हतं.

असाच एक प्रश्न आबांनी वडिलांच्या क्लबातही नेला. जुनं वर्धा या विषयावर एका बुधवारी त्यांनाच पाहुणे म्हणून बोलावलं होतं. टोपी, स्वच्छ धोतर, हातात कागद नाही. दहा-पंधरा मिनिटं छान बोलले. मग मनोहरजी दिवाणांवर आले. विनोबांचे हे सहकारी. १९३६ साली त्यांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं, ज्या काळात अशा माणसाच्या सावलीलाही लोक टाळत. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले, गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, स्वतःच्या हातांनी मालिश केलं. पुढे शास्त्री दत्तपूरलाच गेले. इतकं सांगून आबांनी समोरच्यांना विचारलं, ‘‘तुमच्यापैकी दत्तपूरले किती जण जाऊन आले?’’ दत्तपूर गावाला लागूनच. हात वर झाले ते मोजकेच. शाल मात्र आबांनी घेतली, आणि पुढे ती हिवाळाभर पांघरली.

वडिलांची बाजूही खरी होती, आणि ती मला नंतर कळली. १९९५ साली देशात पल्स पोलिओ सुरू झालं. रोटरीने पोलिओचं काम जगभर १९८५ पासूनच अंगावर घेतलं होतं. वर्ध्यात लसीकरणाच्या दिवशी बुधवारचीच माणसं, सार्जंटसकट, बूथवर बसली. वडिलांच्या मागे स्कूटरवर लसीचा थंड डबा सांभाळत मीही फिरलो. सेलू रस्त्याच्या वीटभट्ट्यांवरची पोरं शोधायची, तोंडात दोन थेंब, डाव्या करंगळीला शाई. भट्टीवरच्या एका आजीने वडिलांना विचारलं, सरकारचे का? वडील म्हणाले, नाही, गावातले. भारतातला शेवटचा रुग्ण २०११च्या जानेवारीत हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या बातमीच्या दिवशी वडिलांनी पिन लावली होती. तो बुधवार नव्हता.

माझं मत विचाराल तर दोघांत जिंकलं कुणीच नाही. पण एक गोष्ट आबांच्या पारड्यात टाकावी लागते. या जिल्ह्याला बाहेरून पाहुणा आणायची ओढ जरा जास्तच आहे. बाबा आमटे हिंगणघाटचे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला उभं केलेलं वैद्यकीय महाविद्यालय आठेक किलोमीटरवर. तिथली पहिल्या वर्षाची मुलं आजही एखाद्या खेड्यात शिबिराला राहतात आणि ते खेडं दत्तक घेतात. इतकं सगळं हाताशी असताना क्लबांच्या पत्रिकांवर व्यक्तिमत्त्व विकास आणि यशाचं गुपित हेच विषय का येतात? बायकांचंही तसंच. महिलाश्रमाच्या मुली या गावात तीसच्या दशकात सभांना जात होत्या. रोटरीने स्त्रियांना सभासदत्वाचं दार उघडलं ते १९८९ साली. आमच्या माई, आबांच्या धाकट्या बहीण, महिलाश्रमात शिकलेल्या. त्यांनी वडिलांच्या क्लबाची पायरी कधी चढली नाही, आणि याची खंत फक्त वडिलांना होती.

२०१६ पासून रोटरीने दर आठवड्याच्या सभेची सक्ती सैल केली. महिन्यातून दोन सभा झाल्या तरी चालतं. मोकळ्या राहिलेल्या बुधवारांचं काय करायचं, असं कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळींनी मला विचारलं तर मी सांगेन: त्या दिवशी वक्ता बोलावू नका. गाड्या काढा, दत्तपूरला जा, तिथे काय लागतं ते विचारा आणि पुढच्या सभेच्या अहवालात तेवढंच वाचा.